एक नाताळ, अनेक संप्रदाय

नाताळ आला की आपल्याकडील अनेक गावांत आणि शहरांतील वाड्या-चाळींत शेजारच्या घरातून एक ताट येते. ताटावर स्वच्छ रुमाल आणि रुमालाखाली करंज्या, शंकरपाळी, चिवडा, क्वचित केकचा एखादा तुकडा. दिवाळीत आपल्या घरून गेलेल्या फराळाची ही सस्नेह परतभेट असते. हे ताट नगरकडील मराठी ख्रिस्ती कुटुंबातून आलेले असेल, वसईच्या कॅथलिक घरातून आलेले असेल, गोव्याहून येऊन मुंबईस स्थिरावलेल्या कुटुंबातून आलेले असेल (मग करंजीची नेवरी होते आणि शेजारी दोदोल विराजमान होतो), किंवा केरळातून नोकरीनिमित्त आलेल्या एखाद्या परिचारिकेच्या बिऱ्हाडातूनही आलेले असेल. आपण मात्र ही सारी मंडळी सरसकट 'ख्रिश्चन' म्हणून ओळखतो. त्यांचे देऊळ एक, पोथी एक, पुजारी एक आणि सणही एक, अशी आपली भाबडी समजूत असते.

वस्तुस्थिती तशी नाही, आणि ह्याचे आपणांस तरी नवल वाटावयास नको. एखाद्या परक्या प्रवाशाने पंढरीचा वारकरी, गाणगापूरचा दत्तभक्त, सज्जनगडचा रामदासी, पाच कृष्णांखेरीज अन्य दैवत न मानणारा महानुभाव आणि गळ्यात इष्टलिंग धारण करणारा लिंगायत ह्या सर्वांस एकाच मापाने मोजले, तर आपण त्याच्या अज्ञानास हसू. तेच अज्ञान आपण शेजाऱ्याच्या बाबतीत बाळगावे काय? ज्या घरांनी स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्यांचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडविला आहे, त्या घरांस ख्रिस्ती पंथभेद समजणे अवघड जाऊ नये.

प्रथम तिथीचाच प्रश्न घेऊ, कारण तो आपल्या नित्य परिचयाचा आहे. येशूच्या जन्माची तारीख बायबलात कोठेही दिलेली नाही. मेंढपाळ रात्रीच्या वेळी रानात आपले कळप राखीत होते, एवढाच काय तो उल्लेख लूककृत शुभवर्तमानात सापडतो. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात पाळला जात असल्याचा पुरावा आहे. पूर्वेकडील अनेक मंडळ्या त्या काळी ६ जानेवारी हा दिवस मानीत. पुढे बहुतेकांनी २५ डिसेंबर स्वीकारला, पण आर्मेनियन लोकांनी आपली जुनी परंपरा सोडली नाही. त्यामुळे कोलकात्यातील आर्मेनियन देवालयात आजही ख्रिस्तजन्माचा सोहळा ६ जानेवारी रोजी होतो.

मग रशियात नाताळ ७ जानेवारीस का, असा प्रश्न कोणी विचारील. तेथे भेद तारखेचा नाही, पंचांगाचा आहे. जूलियस सीझरने रूढ केलेल्या कालगणनेतील वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. अकरा मिनिटे ती काय, असे वाटेल. परंतु शतकामागून शतके लोटली तसा ह्या मिनिटांचा दिवसांवर दिवस असा ढीग साचला आणि वसंतसंपात आपल्या जागेवरून पार सरकला. पोप तेरावा ग्रेगरी ह्याने १५८२ साली ही चूक दुरुस्त केली. त्या वर्षी रोममध्ये ४ ऑक्टोबरच्या रात्री निजलेले लोक सकाळी उठले ते १५ ऑक्टोबर रोजी! गणित बिनचूक होते, पण गणित करणारा पोप होता. त्यामुळे पोपचा अधिकार न मानणाऱ्या देशांनी ते कित्येक वर्षे स्वीकारले नाही. इंग्लंडने १७५२ साली, म्हणजे तब्बल १७० वर्षांनी, ही सुधारणा मान्य केली. आणि रशियन, सर्बियन आदी ऑर्थोडॉक्स मंडळ्या धार्मिक सणांसाठी अद्यापि जुन्याच पंचांगास चिकटून आहेत. त्यांच्या पंचांगात त्या दिवशी २५ डिसेंबरच असतो. आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेत मात्र ७ जानेवारी उजाडलेली असते. युक्रेनमधील ऑर्थोडॉक्स चर्चने रशियाशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत, २०२३ साली, आपला नाताळ २५ डिसेंबरवर आणला. पंचांग बदलणे ही तेथे केवळ धार्मिक बाब उरली नव्हती, हे सांगावयास नकोच.

टिळक पंचांग मानणाऱ्या घरी एखाद्या वर्षी गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतात, हे कोकणात आणि पुण्यात आपण पाहिलेले आहे. ईस्टरची गंमत त्याच जातीची आहे. क्रुसावरील मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी येशू पुन्हा उठला, त्या घटनेचा हा सण. आणि धर्मदृष्ट्या नाताळाहूनही तो थोर मानला जातो. हा सण चंद्रावर चालतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा ढोबळ नियम आहे. सर्वांनी तो एकाच दिवशी पाळावा असे इ. स. ३२५ मध्ये नायसीया येथील धर्मपरिषदेत ठरले. परंतु पंचांगेच दोन झाल्यावर एकवाक्यता कशी राहणार? २०२४ साली पाश्चात्त्य मंडळ्यांचा ईस्टर ३१ मार्च रोजी झाला आणि बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा ५ मे रोजी. २०२५ मध्ये मात्र दोन्ही गणिते २० एप्रिलवर येऊन मिळाली. असाच योग आता २०२८ साली, १६ एप्रिल रोजी यावयाचा आहे. जाता जाता एक सूचना : ईस्टरच्या आधीचा शुक्रवार, ज्यास गुड फ्रायडे किंवा उत्तम शुक्रवार म्हणतात, तो येशूच्या मृत्यूचा, शोकाचा दिवस होय. त्या दिवशी शेजाऱ्यास हसतमुखाने शुभेच्छा देणारे सुशिक्षित गृहस्थ आपल्यात कमी नाहीत. ते टाळलेले बरे.

नाताळ मुळी पाळूच नये, असे मानणारे ख्रिस्ती लोकही होऊन गेले आहेत, हे ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. सतराव्या शतकातील इंग्लंडमधील प्युरिटन पंथीयांचे म्हणणे असे की, ज्या सणास बायबलात आधार नाही तो सण माणसांनी निर्माण केलेला आहे, म्हणून तो त्याज्य होय. त्यांच्या हाती सत्ता आल्यावर पार्लमेंटने १६४७ साली नाताळ रद्द केला. हेच लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले. तेथे मॅसॅच्युसेट्स वसाहतीत नाताळ साजरा करणारास पाच शिलिंग दंड करणारा कायदा १६५९ ते १६८१ पर्यंत अमलात होता. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचीही दृष्टी अशीच कडक. तेथे २५ डिसेंबरची सार्वजनिक सुटी १९५८ साली प्रथम मिळाली.

आता योगायोग पाहावा. महाराष्ट्रात १८१३ साली मुंबईस उतरून पुढे नगर जिल्ह्यात ज्यांनी खेडोपाडी काम केले ते अमेरिकन मराठी मिशन ह्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतील काँग्रिगेशनल मंडळीने चालविलेले; आणि मुंबईत शिक्षणकार्य उभारणारे डॉ. जॉन विल्सन स्कॉटलंडचे. ज्यांच्या पूर्वजांनी नाताळावर दंड बसविला त्यांच्या मराठी शिष्यांच्या घरी आज नाताळात करंज्या तळल्या जातात, आकाशकंदील लागतात, आणि देवळात टाळ-मृदंगावर नारायण वामन टिळकांची पदे म्हटली जातात. मिशनऱ्यांच्या पाठोपाठ त्यांचा दंडविधी काही इकडे आला नाही!

मूर्ती आणि माउली

कॅथलिक देवालयात पाऊल टाकणाऱ्या हिंदू माणसास फारसे परके वाटत नाही. वेदीवर मेणबत्त्या, फुलांची आरास, धूप, कोनाड्यांतून संतांच्या मूर्ती, बाळास कडेवर घेतलेली मरियामाता. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरीच्या जत्रेस सप्टेंबरात लोटणाऱ्या गर्दीत हिंदू भाविकांची संख्या मोठी असते, ती ह्याच कारणाने. गोव्यात तर म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीणच मानली जाते, आणि तिच्या उत्सवात तेल घेऊन जाण्याची रीत हिंदूंनी सोडलेली नाही. ज्या भूमीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि १५६० पासून इन्क्विझिशनचा जाच झाला, त्याच भूमीत हे भगिनीनाते टिकून राहिले, ह्यास काय म्हणावे!

प्रॉटेस्टंट देवालयात गेल्यास देखावा अगदी निराळा दिसतो. तेथे भिंती मोकळ्या असतात. मध्यभागी व्यासपीठ, त्यावर उघडे बायबल आणि मागे साधा क्रूस. त्या क्रुसावर येशूची मूर्ती बहुधा नसते. ह्या मंडळींच्या मते मनुष्य आणि ईश्वर ह्यांच्यामध्ये ख्रिस्ताखेरीज दुसरा मध्यस्थ नाही. म्हणून मरियेचा आदर करावा, परंतु तिची प्रार्थना करू नये. कॅथलिक पंडित ह्यास उत्तर देतात की आम्ही मरियेची उपासना करीत नाही, तिने आपल्यासाठी पुत्राजवळ रदबदली करावी अशी विनंती करतो. भेद बारीक आहे, पण शास्त्रार्थात बारीक भेदांनाच महत्त्व असते. ऑर्थोडॉक्स लोकांनी तिसराच मार्ग काढला आहे. त्यांच्याकडे कोरीव मूर्ती नाही, फळ्यावर रंगविलेली सपाट चित्रे आहेत. ह्या चित्रांवरून आठव्या आणि नवव्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यात शंभर-सव्वाशे वर्षे वाद पेटला होता. चित्रे फोडली गेली, ती जपणारांचे हाल झाले. ७८७ च्या परिषदेत असा निर्णय झाला की चित्रास दिलेला मान मूळ व्यक्तीस पोहोचतो, लाकडास किंवा रंगास नव्हे. सगुणोपासनेचे समर्थन करताना आपले कीर्तनकार जे सांगतात तेच हे, फक्त ग्रीक भाषेत.

भाकरीचा प्रसाद

सर्वांत नाजूक भेद आहे तो भाकरी आणि द्राक्षारस ह्यांच्याविषयी. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भोजन करताना भाकरी मोडून 'हे माझे शरीर आहे' असे उद्गार काढले, ही कथा सर्व पंथांस मान्य आहे. वाद आहे तो त्या उद्गारांतील 'आहे' ह्या क्रियापदाविषयी! कॅथलिक श्रद्धेप्रमाणे मिस्सामध्ये धर्मगुरूने शब्द उच्चारताच भाकरी दिसावयास भाकरीच राहते, परंतु तिचे अंतस्थ तत्त्व पालटून ती प्रत्यक्ष ख्रिस्तशरीर होते. म्हणून उरलेला प्रसाद एका बंदिस्त पेटीत जपून ठेवतात आणि तिच्यासमोर अहोरात्र दिवा तेवत असतो. आपल्या गाभाऱ्यातील नंदादीप आठवावा. प्रॉटेस्टंट आंदोलनाचे दोन धुरीण, जर्मनीचा मार्टिन ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा झ्विंग्ली, हे १५२९ साली मारबुर्ग येथे समेटासाठी भेटले. ल्यूथरने टेबलावर खडूने ते लॅटिन वाक्य लिहून ठेवले आणि त्यातील 'आहे' वरून तो तसूभरही ढळला नाही. झ्विंग्लीचे म्हणणे, 'आहे' म्हणजे 'दर्शविते'. भाकरी हे स्मरणचिन्ह होय. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले. पंधराव्यातही बरेचसे जुळले, फक्त हा एक मुद्दा तेवढा राहिला आणि दोघे विभक्त झाले ते कायमचे.

ह्या भेदाचे पडसाद व्यवहारात कसे उमटतात पाहा. कॅथलिकांची भाकरी बिनखमिराची, पापडासारखी पातळ. ऑर्थोडॉक्सांची खमिराची, फुगलेली. इ. स. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल येथील मंडळ्यांनी एकमेकांस बहिष्कृत केले, त्या भांडणात खमीर हा एक मोठा मुद्दा होता. (हा बहिष्कार दोन्ही बाजूंनी ७ डिसेंबर १९६५ रोजी मागे घेतला, म्हणजे ९११ वर्षांनी.) अमेरिकेतील मेथडिस्ट मद्यपानाचे कट्टर विरोधक, त्यांच्यापैकी वेल्च नावाच्या दंतवैद्याने १८६९ साली द्राक्षरस आंबू नये अशी युक्ती शोधून काढली ती प्रभुभोजनासाठीच. मुक्तिफौज तर भाकरी-द्राक्षारसाचा विधीच करीत नाही. ह्या मुक्तिफौजेचे पहिले पथक १८८२ साली मुंबईस उतरले. त्यातील इंग्रज प्रचारक पुढे भगवे कपडे घालून, अनवाणी, भिक्षा मागत हिंडू लागले, तेव्हा इंग्रज अधिकारीच अधिक अस्वस्थ झाले.

येथे आपल्या वाचकांशी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. शेजाऱ्याच्या मुलीच्या विवाहास किंवा नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सास आपण जातो. विधी चालू असताना लोक रांगेने पुढे जातात आणि प्रसाद घेतात. आपल्या घरी प्रसाद नाकारणे म्हणजे अपमान. म्हणून भाविक हिंदू माणूस हात जोडून त्या रांगेत उभा राहतो. हेतू निर्मळ असला तरी असे करू नये. ज्याचा स्नानसंस्कार झाला आहे आणि ज्याची त्या मंडळीच्या श्रद्धेस संमती आहे, त्यालाच तो दिला जातो. आपण जागेवर शांत बसावे. त्यात आपला अपमान नाही आणि धर्मगुरूंचाही नाही. हा नियम केवळ हिंदूंना आहे असेही नाही. वसईची कॅथलिक वधू आणि नगरचा प्रॉटेस्टंट वर एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात, दोघेही ख्रिस्ताचे नाव घेतात. आणि भाकरीची वेळ आली की ती वधूस मिळते, वरास बहुधा मिळत नाही. शिवाय अशा विवाहासाठी कॅथलिक पक्षास आपल्या धर्माधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते आणि मुलांना कॅथलिक संस्कार देण्याचा आपण शक्य तितका यत्न करू असे वचन द्यावे लागते. वराच्या आईच्या मनात त्या क्षणी काय येत असेल, हे निराळ्या जातीची सून किंवा जावई ज्यांच्या घरी आला आहे त्यांस सांगावयास नको.

मांजर आणि माकड

ल्यूथरने १५१७ साली रोमशी जो वाद आरंभिला त्याचा गाभा निराळाच होता. मनुष्याचा उद्धार कशाने होतो? पुण्यकर्मांनी, व्रतांनी, यात्रांनी? की केवळ ईश्वराच्या कृपेने, जी श्रद्धेच्या हातांनी स्वीकारावयाची असते? ल्यूथरने दुसरा पक्ष घेतला. कॅथलिक पक्ष म्हणे, कृपा तर हवीच, पण मनुष्याने तिला साथ दिली पाहिजे. हा वाद आपल्यास ओळखीचा आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णवांचे तेंगलै आणि वडगलै असे दोन संप्रदाय नेमक्या ह्याच प्रश्नावर वेगळे झाले. मांजरी पिलास तोंडात धरून नेते, पिलू काहीच करीत नाही, हा एकाचा मार्जारन्याय. माकडिणीचे पिलू आईच्या पोटास आपणहून घट्ट बिलगते, हा दुसऱ्याचा मर्कटन्याय. त्यांच्यातही गंध कोणत्या आकाराचे लावावे ह्यावरून न्यायालयापर्यंत खटले गेलेले आहेत. युरोपात मात्र ह्या वादास राजकारणाची जोड मिळाली आणि १६१८ ते १६४८ ह्या तीस वर्षांच्या युद्धात जर्मनीचे मोठमोठे प्रदेश ओसाड पडले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरपंथीय आणि कॅथलिक प्रतिनिधींनी ह्या एका प्रश्नावर समान निवेदनावर सह्या केल्या. त्याआधी ज्यांनी प्राण गमावले त्यांना ही सही पाहावयास मिळाली नाही.

ह्या गदारोळात सापडलेली एक मराठी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. वेदान्त आणि पुराणे मुखोद्‌गत असलेल्या ह्या विदुषीने १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटिज येथे अँग्लिकन पंथाच्या भगिनींच्या आश्रमात बाप्तिस्मा घेतला. भगिनींची अपेक्षा अशी की आता रमाबाईंनी चर्चचा शब्द प्रमाण मानावा. रमाबाईंनी मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्या त्र्यैक्याच्या सिद्धान्तावरच शंका काढल्या आणि जे बायबलात स्पष्ट दिसत नाही ते केवळ बिशप सांगतात म्हणून मानण्यास नकार दिला. एका क्रुसावरील लॅटिन अक्षरांविषयीही त्यांनी आक्षेप घेतला. त्यांना तेथे संस्कृत हवे होते. त्यांच्या गुरुभगिनी जेरल्डिन ह्यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार वाचला म्हणजे लक्षात येते की रमाबाईंनी धर्म बदलला तरी वाद करण्याचे शास्त्रीबुवांचे संस्कार सोडले नव्हते. ख्रिस्ती धर्मातील पंथांची संख्या पाहून आपण बुचकळ्यात पडलो, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. केडगावचे त्यांचे मुक्तिसदन कोणत्याही एका पंथाच्या दावणीस बांधलेले नव्हते. ह्या अँग्लिकन भगिनींचे काम पुण्यात पंचहौद मिशनमध्येही चाले. तेथेच १८९० साली घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून टिळक-रानड्यांसह पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींवर ग्रामण्य आले होते, हे पुणेकर वाचकांस ठाऊक आहेच. एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला त्र्यैक्य. सोवळे दोन्हीकडे होते.

रेव्हरंड टिळकांचीही वाट अखेरीस पंथाच्या कुंपणाबाहेर गेली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उघडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे सारे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, ही त्यांची मनीषा. १९१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले आणि तो दरबार फार काळ भरला नाही.

बाप्तिस्म्याचाच प्रश्न पुढे नागपुरात सोडवावा लागला. कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आदी मंडळी तान्ह्या बालकाच्या मस्तकावर पाणी घालून त्यास संस्कार देतात. बॅप्टिस्टांचे म्हणणे, ज्याला समज नाही त्याची श्रद्धा कसली? म्हणून जाणत्या वयात, स्वतःच्या मुखाने कबुली देऊन, सर्वांगाने पाण्यात बुडावयाचे. वारकऱ्याच्या घरी जन्म झाला तरी तुळशीची माळ मनुष्याने स्वतः हात पुढे करून घ्यावयाची असते, त्यासारखेच हे. उत्तर भारतातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी एक व्हावे म्हणून १९२९ साली बोलणी सुरू झाली. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा बालकास द्यावा की प्रौढास, एका मंडळीत अभिषेक झालेला पाळक दुसरीत चालावा की त्याचा पुन्हा अभिषेक व्हावा, ह्या प्रश्नांवर एक संपूर्ण पिढी म्हातारी झाली. अखेरीस २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांचे मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य ठरल्या. सर्व मंडळ्यांच्या सेवकांनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवले. वाटाघाटीत शेवटपर्यंत असलेली अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र ऐनवेळी बाहेर राहिली. एक्केचाळीस वर्षांच्या चर्चेनंतर जे जमले ते लहान नाही, असे आमचे मत आहे. आपल्याकडील दोन पंचांगकर्त्यांना तेवढ्या काळात एकत्र बसविता आलेले नाही.

केरळच्या ख्रिस्ती परंपरेविषयी येथे थोडेच लिहिता येईल, खरे तर तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इ. स. ५२ मध्ये संत थॉमस समुद्रमार्गे आला अशी तेथील श्रद्धा. पोर्तुगीज येण्यापूर्वी शतकानुशतके हे लोक सिरियाक भाषेत उपासना करीत. पोर्तुगीजांनी १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे परिषद भरवून त्यांच्या पोथ्या आणि रीती रोमच्या साच्यात बसविल्या. १६५३ साली मट्टांचेरी येथे संतप्त जमावाने क्रुसास दोर बांधून, तो दोर हाती धरून जेझुइटांची सत्ता झुगारण्याची शपथ घेतली. तेव्हापासून फांद्यांना फांद्या फुटत गेल्या. त्यांच्यातील मार थोमा मंडळी सिरियन पद्धतीची, पण संतांची प्रार्थना वगळणारी. सिरो-मलबार मंडळी रोमशी निष्ठ, पण विधी पूर्वेचा. ह्या सिरो-मलबार मंडळींचे कल्याण येथे १९८८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे. धर्मगुरूने मिस्साच्या वेळी तोंड लोकांकडे करावे की वेदीकडे, ह्यावरून २०२१ नंतर एर्नाकुलम भागात ह्याच मंडळीत तीव्र कलह झाला. आणि तरीही ह्या साऱ्या फांद्यांवरील वधूच्या गळ्यात वर जे बांधतो ते मंगळसूत्राचेच भावंड आहे : पिंपळपानाच्या घाटाची सोन्याची इवलीशी 'मिन्नू', तिच्यावर बारीक मण्यांचा क्रूस, आणि ती ओवण्यासाठी वराकडून येणाऱ्या साडीतून काढलेले धागे.

भाषेचा भेद मराठीतही कानांस जाणवतो. कॅथलिक घरात 'मिस्सा', 'फादर', 'स्नानसंस्कार' हे शब्द ऐकू येतील. प्रॉटेस्टंट घरात 'उपासना', 'पाळक', 'बाप्तिस्मा', 'प्रभुभोजन'. कॅथलिक मिस्सा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) लॅटिनमध्येच चाले. वसईच्या वृद्ध स्त्रियांनी ती जन्मभर ऐकली आणि अर्थ न कळताही गुडघे टेकले. त्यानंतर मराठी आली. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये जे केले ते रोमने उशिरा केले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने १६१६ सालीच ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचून ठेवले होते, हेही विसरता येत नाही.

उपवासाच्या बाबतीत मात्र आपण आणि केरळचे सिरियन ख्रिस्ती एकमेकांस सहज ओळखू. नाताळापूर्वी पंचवीस दिवस आणि ईस्टरपूर्वी पन्नास दिवस त्यांच्या निष्ठावंत घरांत मांस, मासळी, अंडी, दूध वर्ज्य असते. कॅथलिकांचा ईस्टरपूर्व उपवासकाळ चाळीस दिवसांचा. त्यातील शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि पूर्ण उपवास दोनच दिवस. बहुतेक प्रॉटेस्टंट ह्या बाबतीत कोणावर सक्ती करीत नाहीत. पुण्यात औंधला स्पायसर ही ज्यांची शिक्षणसंस्था आहे ते अ‍ॅडव्हेंटिस्ट लोक रविवारऐवजी शनिवार पवित्र मानतात, चहा-कॉफी टाळतात, आणि त्यांच्यात शाकाहारी पुष्कळ आहेत; त्यांच्या घरी आपल्या आजींनाही निर्धास्तपणे जेवावयास बसविता येईल. आपल्यातील एकादशी-दुप्पट-खाशी मंडळींना मात्र ह्या यादीत कोठेच जागा नाही.

हा उपवासकाळ फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभी एका बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी सकाळी जिन्यात भेटलेल्या कॅथलिक शेजाऱ्याच्या कपाळावर राखाडी क्रूस दिसला तर डाग समजून त्याला पुसावयास सांगू नये. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत नेलेल्या पानांची ती राख असते. देवळात ती लावताना धर्मगुरू प्रत्येकास सांगतात की तू माती आहेस आणि मातीस मिळणार आहेस. समोरच्या बिऱ्हाडातील प्रॉटेस्टंट शेजाऱ्याचे कपाळ त्या दिवशी बहुधा कोरेच असेल, आणि खालच्या मजल्यावरील सिरियन कुटुंबाचा उपवास दोन दिवस आधी, सोमवारीच सुरू झालेला असेल.